सहा अक्षरं, छत्तीस इंच

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. लातूर जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या दुष्काळातला उन्हाळा. वेळ दुपारी बाराच्या सुमाराची. नऊ मुलं, एक जर्मनचा तांब्या. हजर : माझी मुलगी गिरिजा, वय सात, खंडूची सगुणा, वय आठ, बाकीची सात त्याच वयाची. मोठं माणूस कुणी नाही. एवढं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. शेवटच्या रकान्यात, 'जबाबदार' या शब्दाखाली, मी त्या दिवशी कौसल्याबाई सोनकांबळे हे नाव लिहिलं. बाई त्या वेळी तिथून दीड मैलावर, शाळेत बसून पाट्या पुसत होत्या.

गेल्या महिन्यात हदगावहून त्यांच्या भाच्याचं कार्ड आलं. बाई गेल्या. कार्ड वाचून मी ती वही काढली. ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांना त्या कळाव्यात म्हणून हे लिहितो. पण वहीतलं ते पान सांगितल्याशिवाय बाई सांगता येणार नाहीत.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कारकून होतो. गाव अहमदपूर तालुक्यातलं. उस्मानाबादचे आम्ही लातूरचे झालो होतो, पण रबरी शिक्का जुनाच होता. प्रत्येक कागदावर 'उस्मानाबाद' खोडून मी हातानं 'लातूर' लिहीत असे. बाई पहिली-दुसरीला शिकवत. गावात त्यांना कुणी सोनकांबळे बाई म्हणत नसे. आवाजबाई म्हणत.

त्यांच्या पिशवीत कायम कापसाचा एक पुंजका असायचा. मुलाच्या तोंडासमोर तळहात धरायच्या, त्यावर तो पुंजका ठेवायच्या आणि म्हणायच्या, "प म्हण." कापूस जागच्या जागी. "आता फ म्हण." कापूस उडायचा. "उडाला का? मग तो फ. न उडाला तर प. डोळ्यानं वळखू नको, वाऱ्यानं वळख." ख, घ, भ, सगळं त्या कापसावर. 'क कमळाचा' हे त्यांच्या वर्गात चालत नसे. कुणी म्हटलंच तर हात पुढं करायच्या. "कमळ ऱ्हाऊ दे तळ्यात. मला नुसता क आणून दे." एकदा एक पोरगं म्हणालं, "बाई, तळं तर आटलं." बाई म्हणाल्या, "मग तर कमळाचं नावच काढू नको."

माझी गिरिजा आधीच्या वर्षी 'मग' हा शब्द 'मगर गणपती' असा वाचत असे. 'नळ' म्हणजे 'नथ बाळ'. मूळाक्षरं तिला सगळी पाठ होती. मी रोज मोजून विचारायचो, एकही चुकत नसे, आणि शब्द एकही वाचता येत नसे. मला वाटायचं, पोरगी मंद आहे. बाईंकडं गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिनं गुळाच्या पुडीचा कागद वाचला. मी बाईंना म्हणालो, "जादू केली तुम्ही." त्या म्हणाल्या, "जादू काही न्हाई, मल्लप्पा. पोरीच्या डोक्यात मगर बसली होती. ती काढली."

आता बारवेचं सांगतो. गावाबाहेर एक जुनी पायऱ्यांची विहीर होती, तिला आम्ही बारव म्हणतो. त्या उन्हाळ्यात गावच्या सगळ्या विहिरी कोरड्या पडल्या, बारवेत तेवढं कंबरभर हिरवट पाणी होतं. लातूरहून आरोग्य खात्याचा माणूस आला, त्यानं पाणी तपासलं आणि बारव बंद करायला सांगितली. पाण्यात नारू होता. ज्याच्या पायाला नारूचा फोड आहे तो पाण्यात उतरला की फोडातून बारीक जंत पाण्यात जातात. ते पाणी जो पिईल त्याच्या अंगात ते वाढतात. दहा महिने ते वर्षभर काहीच कळत नाही. मग पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा दीड-दोन हात लांब किडा निघायला लागतो. प्यायल्यानंतर त्याला औषध नाही. माझ्या वडिलांना दोन निघाले होते. एक काडीवर गुंडाळताना आत तुटला. पाय सुजून काळा पडला, आणि नंतर ते मरेपर्यंत काठी घेऊन चालले. नारू म्हटलं की मला ती काठी ऐकू येते.

बारवेवर पाटी लावायचं काम माझ्याकडं आलं. पत्रा तीन फुटी होता. मजकूर 'पाणी पिऊ नये'. अहमदपूरचे रशीदभाई पेंटर अक्षराला एक रुपया घेत. मी हिशोब केला : सहा अक्षरं, छत्तीस इंच, अक्षराला सहा इंच. शेष शून्य. त्या भागाकाराचा मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. रशीदभाईंनी विचारलं होतं, "मधी जागा सोडू का, कारकून?" मी म्हणालो, "जागा सोडली तर अक्षरं बारीक होतील. लांबून दिसायला पाहिजेत." पाटी लागली. दवंडीही दिली, पण त्या दवंडीत घरपट्टी, टँकरची वेळ आणि बारव असं तिन्ही एकदम होतं. मुलांनी ते कशाला ऐकलं असेल.

चौथ्या दिवशी गिरिजा दुपारी पळत घरी आली. "अप्पा, म्या पाटी वाचली. बारवेवरची. कुणीच न सांगता."

मी हातातला कागद खाली ठेवला. मला फार बरं वाटलं. "काय लिहिलंय?"

"पाणी पिऊन ये."

"आणि मग?"

"मग आम्ही पिऊन आलो."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. बायको महानंदा सांगते की मी पोरीचं तोंड उघडून घशात बोट घातलं. पोरगी ओकली, थोडं पाणी पडलं, ते किती पडलं याचा अंदाज मी बांधत बसलो. आरोग्यवाला अजून गावातच होता. तो म्हणाला, "ओकून काही उपयोग न्हाई. वाट बघा. दहा महिने." मी विचारलं, "नवांपैकी किती जणांना होईल?" तो म्हणाला, "ते कुणीच सांगू शकत न्हाई."

संध्याकाळी नऊ मुलांचे आईबाप शाळेच्या अंगणात जमले. मी सगळ्यांच्या पुढं होतो. मी म्हणालो, "बाई, तुमचे आवाज घेऊन आम्ही काय करू? पाटीवर 'नये' लिहिलंय आणि पोरगी 'ये' वाचते. क कमळाचा शिकली असती तर तिला काहीच वाचता आलं नसतं, ते परवडलं असतं." कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणून तर असल्यांच्या हाती पोरं द्यायची न्हाईत." बाई बौद्ध होत्या. आमच्या घरात त्यांना पाणी वरून ओंजळीत वाढत. तो माणूस काय म्हणाला ते मला कळलं, आणि मी गप्प राहिलो.

बाई चिडल्या नाहीत. एरवी त्या पटकन चिडायच्या. एकदा त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वहीतली ती नऊ नावं मला उतरून द्या." मी दिली. दुसऱ्या दिवशी गावानं बारवेचं तोंड बाभळीच्या काट्यांनी बंद केलं. पाटी काट्यांमागं गेली. तिच्याकडं परत कुणी पाहिलं नाही. मी तर नाहीच. माझी पाटी बरोबर होती.

त्या दिवसापासून गिरिजानं वाचणं सोडलं. वर्गात पुस्तक उघडून बसायची, तोंड मिटलेलं. खाऊच्या कागदावरचं नावही ती वाचेना. मी बाईंना विचारलं, "आता हिचं काय?" आम्ही दोघं त्या दिवसांत कामापुरतंच बोलत होतो. त्या म्हणाल्या, "बंद तोंडात बोट घालून आवाज निघत न्हाई, मल्लप्पा. तुम्ही एकदा घालून बघितलंच की. थांबू."

मग दिवस मोजणं सुरू झालं. वहीत मी रोज एक आकडा लिहीत असे. पहाटे, पोरगी झोपेत असताना, चादर वर करून तिचे दोन्ही पाय बघायचे : घोटा, टाच, बोटांमधली जागा. मग आकडा लिहायचा. चाळीस. एकशे बारा. दोनशे सहा. पावसाळा आला तसा गेला, चार सरी पडल्या. डास चावल्याची खूण दिसली तरी मी कंदील जवळ आणायचो. एकदा पायाला चिकटलेलं ज्वारीचं फोलपट बघून मी ओरडलो, आणि झोपेतून उठलेली पोरगी माझं तोंड बघून रडायला लागली. तिला काय झालंय हे तिला माहीत नव्हतं, तिच्यामुळं काय झालंय एवढंच माहीत होतं.

दर सोमवारी बाई नऊ घरं फिरत. दारातच बसून पोरांचे पाय मांडीवर घेत आणि बघत. काही घरांत त्यांना बसायलाही कुणी म्हणत नसे. खंडूची बायको तर म्हणायची, "बघा, बघा. तुमचंच पीक हाय, बाई. कधी काढणीला येतंय ते बघा." बाई सगुणाचा पाय खाली ठेवायच्या, "आज काही न्हाई" म्हणायच्या आणि पुढच्या घराकडं जायच्या.

याच काळात त्यांच्या शिकवण्यात एक नवी गोष्ट आली. फळ्यावर वाक्य लिहायच्या, मुलं वाचायला लागली की हात वर करायच्या, सगळा वर्ग श्वास धरून गप्प, मग हात खाली, पुढचा शब्द. मी टँकरच्या वेळेचा कागद लावायला शाळेत गेलो होतो, तेव्हा ऐकलं. त्या सांगत होत्या, "अक्षराला आवाज असतो, तसा रिकाम्या जागेलाबी असतो. तिथं गप बसायचं. गप बसणं हाच तिचा आवाज." मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

महाशिवरात्रीच्या जत्रेनंतर चौथ्या दिवशी, पहाटे, गिरिजाच्या उजव्या घोट्यावर फोड दिसला. वाटाण्याएवढा, आत पाणी. दहा महिने नुकतेच होऊन गेले होते. वहीत आकडा लिहिला नाही. मी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. तोंडातून काय बोललो देव जाणे. त्या तशाच निघाल्या.

"घमेल्यात पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "नारू असला तर पाण्यात तोंड काढतो. घंटाभर बघू." महानंदानं टँकरचं पाणी आणलं, तिघांचं दिवसाचं पिणं. गिरिजाचा पाय त्यात ठेवला. बाई समोर पाटावर, मी उंबऱ्यावर. पाण्यात काही हललं की मला तो दोराच दिसायचा. हलत पोरीचा पाय होता.

बऱ्याच वेळानं गिरिजाच बोलली. खाली बघूनच. "बाई, म्या पाटी चुकीची वाचली होती ना?"

बाई म्हणाल्या, "न्हाई ग. अक्षर न् अक्षर बरोबर वाचलीस."

मी उंबऱ्यावरून म्हणालो, "बरोबर कसं? मग चुकलं कोण?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग चुलीजवळचा कोळसा घेतला आणि फरशीवर लिहायला लागल्या. प्रत्येक अक्षरानंतर चार बोटं टेकवून माप घ्यायच्या आणि पुढचं अक्षर काढायच्या. पा. णी. पि. ऊ. न. ये.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"पाणी पिऊ नये."

"तुम्हाला माहीत हाय म्हणून. माहीत न्हाई असं धरून वाचा. एकेक आवाज जोडत, गिरिजा वाचती तसं."

मी वाचलं. पा, णी, पि, ऊ, न, ये. पिऊ न ये. पिऊन ये. मला माझा आवाज ऐकू आला. छत्तीस इंच, शेष शून्य.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवशी संध्याकाळी, तुम्ही सगळे गेल्यावर बारवेवर गेले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरांच्या पोटातलं पाणी बाहेर येणार होतं का? आणि माझं ऐकणार कोण होतं त्या दिवशी?" मग कोळसा चुलीजवळ ठेवत म्हणाल्या, "खरं सांगू का, मलाबी भेव वाटलं. म्या ह्यांना आवाज शिकवले, थांबायचं शिकवलंच न्हाई. पाटी निम्मी तुमची, निम्मी माझी."

घंटाभरानं त्यांनी पाय बाहेर काढला, पदरानं पुसला. मग दाराशी पडलेल्या प्लॅस्टिकच्या नव्या चपला उचलल्या, जत्रेत घेतलेल्या, आणि उजव्या चपलेचा पट्टा फोडावर ठेवला. बरोबर बसला. "चपल चावली हाय," त्या म्हणाल्या आणि मटकन खालीच बसल्या. महानंदानं घरातल्या पितळी पेल्यात पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. बाई पेला तोंडाला लावून पाणी प्यायल्या.

इथं हे पान संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण मी कुणाला काही सांगितलं नाही. एक महिना गेला. रोज ठरवायचो, आज सरपंचांना सांगू, आणि रोज भीती वाटायची. आधी पोरीच्या पायाची भीती होती, आता नोकरीची आणि गावाची. बाईंनी मला एकदाही विचारलं नाही. सोमवारी यायच्या, पाय बघायच्या, जायच्या. वहीतलं नाव तसंच होतं.

मग सगुणाला नारू निघाला. डाव्या पोटरीत. खंडू तिला पाठीवर घेऊन सरळ शाळेत आला, मागं वीस-पंचवीस माणसं. मी कागद लावायलाच तिथं गेलो होतो. खंडूनं पोरीला वर्गाच्या मध्ये ठेवलं. "बाई, तुम्ही आवाज शिकिवता का जंत? हिच्या पायातून काय निघून राहिलं ते वाचा की आता. वाचा." बाई खडू धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित निघून गेलो असतो.

मी म्हणालो, "खंडू, पाटी मी मोजली."

"कसली पाटी?"

मी खडू घेऊन फळ्यावर ती सहा अक्षरं काढली, सारख्या अंतरावर. खंडू बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. जमलेल्यांत बहुतेकांना येत नव्हतं. मी समजावून सांगायला लागलो, माझंच मला कळेना. इंच, भागाकार, रशीदभाई. लोक म्हणाले, "कारकून काय बरळतोय?"

तेव्हा दुसऱ्या रांगेतून गिरिजा उठली. फळ्यापाशी आली. बाईंनी नकळत हात वर केला.

"पाणी पिऊ," गिरिजानं वाचलं. बाईंचा हात वर तसाच. वर्ग गप्प. हात खाली आला. "नये."

मग तिनं पुन्हा सुरुवात केली. "पाणी पिऊन." हात वर. हात खाली. "ये."

अकरा महिन्यांनी मी तिला वाचताना ऐकलं. खंडूनं दोन्ही ऐकलं. तो सगुणाजवळ खाली बसला. "एवढ्याशा जागंपायी?" तो म्हणाला. मला त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंनी रोज शाळा सुटल्यावर खंडूच्या घरी जाऊन तो नारू काढला. आगकाडीवर, रोज बोटभर, ओढायचा नाही, जेवढा येईल तेवढाच. एकोणीस दिवस लागले. तुटला नाही. सगुणा आज नीट चालते. बाकीची आठ सुटली. मी वहीतलं बाईंचं नाव खोडायला घेतलं तर त्यांनी पेन धरलं. "निम्मी म्हणाले होते ना? राहू द्या. तुमचं वर लिहा." तसं लिहिलं.

बारवेचे काटे तोवर लोकांनी सरपणाला नेले होते. पाटी नव्यानं रंगवणं भाग होतं. मी म्हणालो, "आता जागा सोडून लिहू. आणि 'नये' नकोच, 'नका' लिहू. 'पिऊ नका'." बाईंनी मान हलवली. "पोरगं म्हणेल, 'पिऊन का?' असं विचारून राहिले." मग त्यांनी स्वतःच सांगितलं : हे पाणी प्यायचं न्हाई.

"न्हाई?" मी म्हणालो. "सरकारी पाटीवर? गटविकास अधिकारी काय म्हणतील?"

"शुद्ध लिहिलं तर पोरं प्याली, मल्लप्पा. न्हाई म्हणजे न्हाई. पोराला घरात रोज ऐकू येतं. ते मोडून बघा कुठून मोडतंय ते." मी मोडून बघितलं. मोडलं नाही.

आठ अक्षरं झाली, बारीक, एका ओळीत. रशीदभाईंनी आठ रुपये सांगितले, ते पंचायतीतून गेले. मी खिशातून आणखी तीन रुपये काढले.

"हे कशाचे?"

"मधल्या तीन रिकाम्या जागांचे."

"खाली जागेचे पैसे म्या कधी घेतले न्हाईत, कारकून. तिथं म्या काय लिहिलंय?"

"घ्या," मी म्हणालो. त्यांनी घेतले. पावतीवर लिहिलं : एकूण अकरा रुपये, पोहोचले, रशीद पेंटर.